डोक्याला मार, हेल्मेट आणि हेडर : वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकन फुटबॉलमधल्या मेंदूच्या दुखापतींवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना आमच्या क्रीडावैद्यक सल्लागारांनी दिलेली ही उत्तरं. अंडाकृती चेंडूचा, अंगावर झेपावून खेळायचा तो 'अमेरिकन फुटबॉल' आणि पायाने खेळायचा तो 'फुटबॉल', असं इथे सगळीकडे म्हटलं आहे.

प्रश्न : मुलगा यंदा नववीत गेला. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात जायचंच म्हणून हट्ट धरून बसलाय. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या हेल्मेट-चाचणीच्या यादीत पाच तारे मिळालेलं हेल्मेट घेऊन द्यायची आमची तयारी आहे. तेवढं पुरे होईल का?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

पुरे होणार नाही. हेल्मेट चांगलंच घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

हे हेल्मेट घडलं ते कवटी फुटू नये आणि मेंदूभोवती रक्तस्राव होऊ नये म्हणून. १९६८ च्या एकाच हंगामात मैदानावरच्या थेट माराने ३६ खेळाडू दगावले होते. १९७३ साली हेल्मेटची मानकं आली, १९७६ साली डोकं खाली घालून धडक मारण्यावर बंदी आली आणि असे मृत्यू झपाट्याने उतरले. ते काम हेल्मेट आजही चोख करतं. कवटीच्या आत मेंदू हलणं मात्र त्याला थांबवता येत नाही. सुमारे १.४ किलोचा मऊ मेंदू कवटीतल्या द्रवात तरंगता असतो. धावत्या एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात, तसं डोकं एकदम थांबलं तरी मेंदूची गती लगेच थांबत नाही. डोकं गर्रकन वळलं तर त्याला पीळ बसतो, आणि चेतापेशींच्या लांब, नाजूक धाग्यांना हा पीळ सर्वांत जास्त बाधतो. हेल्मेटमधला फोम सरळ धक्का पसरवून सौम्य करतो. पिळावर त्याचा इलाज तोकडा पडतो. पाच तारे म्हणजे प्रयोगशाळेत इतर हेल्मेटांपेक्षा सरस, एवढाच त्याचा अर्थ.

हेल्मेट डोक्याला नीट बसलं नसेल तर ते पाच तारेही वाया जातात. सरावाला केस जसे असतात तसेच ठेवून माप घ्या. केस कापले की पुन्हा तपासा. पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटं असावी. गालाच्या गाद्या दोन्ही बाजूंनी टेकलेल्या हव्यात. हनुवटीचा पट्टा चारही ठिकाणी अडकवलेला आणि हनुवटीच्या मधोमध हवा. मग जाळी धरून हेल्मेट डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून बघा : कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट कातडीवरून घसरत असेल तर ते सैल आहे. आत हवेच्या पिशव्या असतील तर दर आठवड्याला दाब बघा, कारण थंडी पडली की तो उतरतो. शाळेकडून जुनं हेल्मेट मिळालं तर आत शिक्का शोधा : बनवल्याचं वर्ष आणि शेवटची फेरतपासणी कधी झाली. दहा वर्षांवरचं हेल्मेट दुरुस्ती करणारे नोंदणीकृत कारखानेही हातात घेत नाहीत. तुम्हीही घेऊ नका. वरून रंग मारणं, उत्पादकाने परवानगी न दिलेले स्टिकर चिकटवणं टाळा. रंगातल्या द्रावकांनी कवच कमकुवत होऊ शकतं.

आता मुख्य गोष्ट. मेंदूचं नुकसान ठरतं ते एकूण किती धक्के बसले आणि किती जोराचे बसले यावर. या धक्क्यांचा मोठा वाटा सामन्यात नाही, सरावात बसतो, आणि सरावात तो कमी करता येतो. तुमच्या राज्यात २०१९ पासून हंगामात आठवड्याला फक्त १५ मिनिटं पूर्ण अंगझटीचा सराव चालतो. आधी ही मर्यादा ९० मिनिटं होती. म्हणून प्रशिक्षकाला विचारा : ही १५ मिनिटं कोण मोजतं? अंगावर झेपावण्याचा सराव माणसांवर घेता की गादीवर? प्रत्येक सामन्याला आणि सरावाला पात्र अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती पाहणारा) हजर असतो का? हंगामाआधी मुलाची स्मरणशक्ती, तोल, प्रतिसादाचा वेग यांची मूळ चाचणी होते का? याची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर त्या संघात मुलाला घालू नका. माणसांवर न आदळता खेळ शिकवता येतो हे आयव्ही लीग या अमेरिकन विद्यापीठांच्या गटातल्या डार्टमथ महाविद्यालयात बडी टीव्हन्स या प्रशिक्षकाने २०१० पासून करून दाखवलं. सरावात त्यांचे खेळाडू एकमेकांना पाडत नसत, पुढे तर दूरनियंत्रकावर पळणाऱ्या बाहुल्यावर झेपावत. २०१६ साली पूर्ण आयव्ही लीगने हंगामातला अंगझटीचा सराव बंद केला.

त्याच्या जागेचाही विचार करा. अगदी पुढच्या रांगेत समोरासमोर उभे राहणारे लाइनमन जवळजवळ प्रत्येक चालीला डोक्यावर लहान धक्के घेतात. ते कुणाला दिसत नाहीत, टीव्हीवर पुन्हा दाखवले जात नाहीत, आणि बेरीज त्यांचीच मोठी होते. चौदा वर्षांखालच्या मुलांनी कमरेचा झेंडा ओढून खेळायचा फ्लॅग फुटबॉलच खेळावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. चौदाच्या पुढेही फ्लॅगचा पर्याय त्याच्यासमोर ठेवाच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तोच खेळला जाणार आहे.

प्रश्न : सीटीई हा आजार नेमका काय आहे? '९९ टक्के खेळाडूंना होतो' असं वाचलं. ते खरं मानायचं का?
— फिजिओथेरपीची विद्यार्थिनी, पुणे

पूर्ण नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी. मुष्टियोद्ध्यांमध्ये तोल जाणं, बोबडं बोलणं, बुद्धी मंदावणं ही लक्षणं हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच नोंदवली होती. अमेरिकन फुटबॉलमध्ये ती गोष्ट पुढे आली पिट्सबर्गमध्ये. स्टीलर्स संघाचा नामवंत सेंटर (पुढच्या रांगेत मधोमध उभा राहणारा) माइक वेब्स्टर २००२ साली वयाच्या ५० व्या वर्षी वारला. शेवटची वर्षं त्याची विपन्नावस्थेत, गोंधळलेल्या मनाने गेली होती. शवविच्छेदन करणारे नायजेरियात जन्मलेले डॉ. बेनेट ओमालू यांना मेंदू वरून धडधाकट दिसला. त्यांनी पातळ काप काढून, रंगवून पाहिले तेव्हा टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या सापडल्या. २००५ साली त्यांचा निबंध छापून आला, आणि एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. मेंदूच्या दुखापतींसाठी नेमलेल्या त्या समितीचा अध्यक्ष तेव्हा एक संधिवाततज्ज्ञ होता. इतक्या श्रीमंत व्यावसायिक लीगने हे असं हाताळावं, याचा राग आम्हाला आजही येतो.

टाऊचं एरवीचं काम चेतापेशीच्या धाग्यांतल्या सूक्ष्म नलिकांना आधार देणं. धागा ताणला गेला की टाऊ सुटतं, त्याची घडी बिघडते, गुठळ्या होतात, आणि एका पेशीतून दुसरीकडे ते पसरत जातं. सीटीईची खूण म्हणजे या गुठळ्या मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती सापडतात. धक्का बसल्यावर सर्वांत जास्त ताण नेमका तिथेच येतो. अल्झायमरमध्ये टाऊची मांडणी वेगळी असते. हा फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो, त्यामुळे पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. जिवंतपणी दिसतात ती लक्षणं : भडकणं, आततायीपणा, निराशा, विसराळूपणा, पुढे स्मृतिभ्रंश. पण निराशा, झोपेतला श्वासरोध, थायरॉइड, दारू यांनीही हेच घडतं आणि त्यांवर उपचार आहेत. 'मला सीटीईच झालाय' असं गृहीत धरून निवृत्त खेळाडू हे उपचार सोडून देतात, हे मोठं नुकसान आहे.

९९ टक्क्यांचा उगम बॉस्टन विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन मकी यांच्या गटाच्या २०१७ च्या अभ्यासात आहे. एनएफएल खेळलेल्यांचे १११ मेंदू तपासले, ११० मध्ये सीटीई होता. महाविद्यालयापर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८, शाळेपर्यंतच खेळलेल्या १४ पैकी ३. हे मेंदू घरच्यांनी दान केलेले होते, आणि ज्या घराने त्रास पाहिला तेच घर दान करायला पुढे येतं. म्हणून 'एनएफएलच्या ९९ टक्के खेळाडूंना सीटीई' असा अर्थ काढणं चूक आहे, आणि अभ्यासकांनीही तो काढलेला नव्हता. पण निवडीचा दोष मान्य करूनही हे सगळं झटकून टाकता येत नाही : सर्वसाधारण लोकांमधून आलेले १६४ मेंदू याच गटाने तपासले तेव्हा फक्त एकात सीटीई होता. खेळण्याचं प्रत्येक वर्ष हा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढवतं, असं २०१९ च्या २६६ मेंदूंच्या अभ्यासात दिसलं. २०२३ साली ६३१ मेंदूंचा हिशेब मांडला गेला आणि त्यात जे निघालं ते आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. किती वेळा कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूचं काम काही काळ बिघडणं) झालं या आकड्यावरून सीटीईचा अंदाज बांधता आला नाही. आयुष्यभरात डोक्याने एकूण किती जोराचे धक्के झेलले, यावरून आला. ज्याला मैदानावर कधी साधी भोवळही आली नाही, त्यालाही धोका आहे.

प्रश्न : एनएफएलच्या सामन्यात खेळाडूला निळ्या तंबूत नेतात आणि पाच-दहा मिनिटांत तो परत खेळायला येतो. एवढ्या वेळात मेंदूची तपासणी होते?
— एक प्रेक्षक, ठाणे

प्राथमिक चाळणी होते. तंबू २०१७ पासून आला, कॅमेरे आणि सहकाऱ्यांच्या नजरेआड तपासता यावं म्हणून. आधी हेल्मेट काढून घेतात. मग काय घडलं ते खेळाडूकडून ऐकायचं, व्हिडिओ पाहायचा, स्थळकाळाचे ठरलेले प्रश्न विचारायचे, बोलणं, डोळ्यांची हालचाल, चाल आणि तोल पाहायचा. संघाच्या डॉक्टरबरोबर संघाच्या पगारावर नसलेला मेंदूतज्ज्ञ असतो. असे दोन तज्ज्ञ मैदानाशेजारी आणि एक वर काचेच्या खोलीत पडद्यांसमोर बसतो. वरून टेहळणी करणारे ट्रेनर २०१५ पासून खेळ थांबवून एखाद्या खेळाडूला बाहेर काढू शकतात. चाळणीत शंका आली तर आत नेऊन सविस्तर तपासणी होते. काही लक्षणं दिसली की तपासणीची वाटच पाहायची नाही, तो दिवस संपला : शुद्ध हरपणं, गोंधळ, घडलेलं न आठवणं, आणि तोल किंवा बोलणं बिघडणं.

यातलं शेवटचं कलम नीट लिहून निघायला एका तरुणाला झळ सोसावी लागली. २५ सप्टेंबर २०२२ ला मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक टुआ टँगोवायलोआ याचं डोकं मागच्या बाजूने जमिनीवर आपटलं. तो उठला, डोकं झटकलं आणि अडखळून कोसळला. हे लाखोंनी पाहिलं. तपासणीत लडखडणं पाठीच्या दुखण्याच्या खात्यात गेलं आणि तो पुन्हा खेळला. चार दिवसांनी सिनसिनाटीत पुन्हा पाडला गेला तेव्हा त्याची बोटं विचित्र आखडली होती, स्ट्रेचरवरून नेलं. चौकशीत निघालं की नियमाच्या शब्दांचं उल्लंघन झालं नव्हतं, पण नियमाचा हेतू पाळला गेला नव्हता. ऑक्टोबरमध्ये 'अटॅक्सिया', म्हणजे मज्जासंस्थेतल्या कारणाने तोल, हालचाल किंवा बोलण्यात आलेला बिघाड, दिसला की परत पाठवायचं नाही असं कलम घातलं गेलं. आमच्या मते हाच पायंडा गल्लीतल्या मैदानावरही हवा : लडखडला, म्हणजे बाहेर. 'पाठीमुळे असेल, उन्हामुळे असेल' ही चर्चा नंतर.

प्रश्न : मुलाच्या डोक्याला मार लागला, सीटी स्कॅन 'नॉर्मल' आलं. म्हणजे उद्यापासून खेळायला हरकत नाही ना?
— एक वडील, नाशिक

हरकत आहे. सीटीत रक्तस्राव आणि हाड मोडलेलं दिसतं. कन्कशनमध्ये बिघडतं ते पेशींचं काम आणि त्यांचं ऊर्जेचं गणित, ते कुठल्याही नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाही. बहुतेक कन्कशनमध्ये स्कॅन नॉर्मलच येतं. 'नॉर्मल' याचा अर्थ शस्त्रक्रियेची गरज नाही, एवढाच. कन्कशनचं निदान लक्षणांवरून होतं आणि खेळायची परवानगीही लक्षणांवरूनच मिळते.

प्रश्न : आमच्या पेठेच्या तालमीत दहा ते सोळा वयाची पोरं येतात. हेडरचा (डोक्याने चेंडू मारण्याचा) सराव रोज वीस-पंचवीस चेंडूंचा असतो. विलायतेत म्हणे लहानांना हेडर बंद केलेत. आम्ही काय करावं?
— एक प्रशिक्षक, कोल्हापूर

पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण शाहू स्टेडियमवर पुढे खेळणारी पोरं तुमच्याच हाताखालून जातात.

विलायतेत हा प्रश्न जेफ अ‍ॅसल या वेस्ट ब्रॉमविच अल्बियनच्या सेंटर फॉरवर्डपासून ऐरणीवर आला. हेडरसाठी नाव कमावलेला हा खेळाडू २००२ साली ५९ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाने गेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लिहिलं : व्यवसायातून झालेला आजार. २०१४ साली ग्लासगोचे डॉ. विली स्टुअर्ट यांनी मेंदू पुन्हा तपासला आणि सीटीई सांगितला. त्यांच्याच गटाने २०१९ साली स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना तशाच सर्वसाधारण पुरुषांशी केली. खेळाडूंमध्ये हृदयविकाराचे मृत्यू कमी होते, आयुष्य थोडं जास्तच होतं. पण मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण साडेतीन पट. पुढच्या अभ्यासात जागेनुसार पाहिलं तेव्हा गोलरक्षकांमध्ये हे प्रमाण इतर लोकांइतकंच निघालं, बचावफळीत सर्वांत जास्त, सुमारे पाच पट. गोलरक्षक हेडर मारत नाही, बचावपटू सर्वांत जास्त मारतो. हा थेट पुरावा नव्हे, पण दिशा पुरेशी स्पष्ट आहे.

इंग्लंडच्या संघटनेने २०२० साली सरावासाठी घातलेल्या मर्यादा तुमच्या वहीत उतरवून घ्या. अकरा वर्षांखाली सरावात हेडर नाही. बारा वर्षांखालच्या गटाला महिन्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच. तेरा वर्षांखाली आठवड्यातून एकदा, पाच. चौदा ते सोळा वर्षांखालच्या गटांना आठवड्यातून एकदा, दहा. व्यावसायिक प्रौढांनाही २०२१ पासून सरावाच्या आठवड्यात जोराचे दहाच हेडर. ३५ मीटरहून लांबचे पास, क्रॉस, कॉर्नर आणि फ्री किक यांवरचे हेडर त्यात मोजतात. अमेरिकेच्या संघटनेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर पूर्ण बंद केला आहे. तुमचे रोजचे वीस-पंचवीस म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाला एका दिवसात, तिथे दोन आठवड्यांत मिळतील तेवढे किंवा त्याहून जास्त. हे या आठवड्यापासूनच बंद करा.

मग हेडर शिकवायचा कसा? चेंडू न आदळता त्याचे तीन चतुर्थांश धडे देता येतात. उडी केव्हा घ्यायची, चेंडूखाली पाय कसे आणायचे, हात कुठे ठेवायचे हे हातात चेंडू झेलून शिकवा. चेंडू टांगून ठेवा आणि कपाळ फक्त टेकवायला लावा. सुरुवातीला फुग्यासारखे हलके किंवा स्पंजचे चेंडू वापरा. चेंडू केसांच्या रेषेखाली कपाळावर घ्यायचा, डोळे उघडे, हनुवटी थोडी आत, मान आणि धड एकाच वेळी घट्ट. मान सैल असली की डोकं एकटंच मागे फेकलं जातं आणि पीळ वाढतो. म्हणून आठवड्यातून दोनदा मानेचा व्यायाम द्या : हाताचा तळवा कपाळावर, मागे, दोन्ही बाजूंना ठेवून डोक्याने विरोध करायचा, प्रत्येक बाजूला दहा सेकंद, तीन वेळा. डोकं हलू द्यायचं नाही.

चेंडूही बघा. नियमाने पाच नंबरच्या चेंडूचं कोरडं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं, दाब ०.६ ते १.१ वातावरण. आपल्याकडे चेंडू टणक लागतो म्हणून पंप मारतच राहतात. खालच्या मर्यादेजवळचा दाब सरावाला पुरतो आणि डोक्यावरचा मार कमी करतो. दाब मोजायचा साधा गेज घ्या. बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचा चेंडू. पावसाळ्यात वरचं आवरण उडालेले जुने, हातशिलाईचे चेंडू पाणी पितात आणि जड होतात, ते हेडरच्या सरावातून काढून टाका.

हेडरच्या वेळी कन्कशन होतं ते बहुधा चेंडूने नाही, तर समोरच्याच्या डोक्याने किंवा कोपराने. म्हणून उडीत कोपर बाहेर काढणाऱ्याला सरावातच थांबवा, सामन्यात पंचांनी शिट्टी मारायची वाट पाहू नका. तुमच्या स्पर्धेच्या आयोजकांना एक सुचवा. फुटबॉलच्या नियमांत २०२४ पासून डोक्याच्या दुखापतीसाठी जादा, कायमचा बदली खेळाडू घ्यायची सोय आहे. स्पर्धेने ती स्वीकारायला हवी. बदली संपले म्हणून जखमी पोराला खेळवत ठेवायची वेळ त्याने टळते. क्रिकेटने ही सोय २०१९ साली केली. जानेवारी २०२५ मध्ये गहुंजेच्या मैदानावर शिवम दुबेच्या हेल्मेटला चेंडू लागला आणि हर्षित राणा बदली म्हणून आला, तेव्हा वाद झाला तो बदली खेळाडू तोलाचा आहे की नाही यावर. दुबेने बाहेर बसावं की नाही यावर वाद झाला नाही, आणि व्हायलाही नको.

प्रश्न : गार्डियन कॅप आणि नवी किकऑफ यांनी खरंच फरक पडला का?
— एक अभियंता, पिंपरी

किकऑफने निश्चित. यात एक संघ चेंडू लांब लाथाडतो आणि दुसरा तो झेलून परत धावतो. दोन्ही बाजूंचे खेळाडू लांबून पूर्ण वेगात एकमेकांवर येत, म्हणून तिथे दुखापती जास्त. आयव्ही लीगने २०१६ साली किकऑफची रेषा ३५ यार्डांवरून ४० वर नेली, परतीच्या धावा कमी झाल्या, आणि हजार किकऑफमागे कन्कशन सुमारे ११ वरून २ वर आली. एनएफएलने २०२४ साली किकऑफची मांडणीच बदलली : बहुतेक खेळाडू समोरासमोर जवळ उभे, चेंडू पडेपर्यंत कुणी हलायचं नाही. त्या हंगामात, हंगामपूर्व सामने आणि सराव धरून, १८२ कन्कशन नोंदली गेली. २०१७ साली २८१ होती.

गार्डियन कॅप म्हणजे हेल्मेटवर चढवायची मऊ गादी, सुमारे ३४० ग्रॅमची. एनएफएलने २०२२ पासून सराव शिबिरांत काही जागांच्या खेळाडूंना ती सक्तीची केली, २०२४ पासून सामन्यात ऐच्छिक. एकाने घातली तर धक्क्याचा जोर दहा टक्के आणि दोघांनी घातली तर वीस टक्के कमी होतो, असं लीगचं म्हणणं आहे. पण ती घातल्याने मुलं जास्त बेधडक आदळू लागली तर मिळवलेलं गमावलं.

प्रश्न : एनएफएलवरच्या खटल्यात खेळाडूंना नक्की काय मिळालं?
— एक वकील, नागपूर

साडेचार हजारांहून जास्त माजी खेळाडू कोर्टात गेले. २०१३ साली ७६.५ कोटी डॉलरवर तडजोड ठरली. फिलाडेल्फियाच्या न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांना रक्कम पुरेल असं वाटलं नाही, म्हणून कमाल मर्यादा काढली गेली. एप्रिल २०१५ मध्ये मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०१७ पासून ती लागू झाली. एएलएस या चेतापेशींच्या आजाराला कमाल ५० लाख डॉलर, अल्झायमर आणि पार्किन्सनला ३५ लाख. वय जास्त किंवा खेळलेले हंगाम कमी तशी रक्कम उतरते. सीटीईने मृत्यू झाला तर कमाल ४० लाख, पण फक्त मंजुरीच्या दिवसापर्यंत झालेल्या मृत्यूंना. त्यानंतर वारलेल्याच्या मेंदूत सीटीई सापडला तरी त्या खात्यात काही नाही. या सगळ्या लढ्याला ज्या आजाराने तोंड फोडलं तोच असा बाहेर राहिला.

अन्यायाचं दुसरं कलम त्याहून वाईट होतं. स्मृतिभ्रंश मोजताना कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बुद्धिक्षमता कमी धरली जात होती, म्हणजे तेवढ्याच गुणांवर गोरा खेळाडू पात्र ठरे आणि काळा अपात्र. केव्हिन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट यांनी २०२० साली दावा केला. २०२१ साली लीगने ही पद्धत सोडायचं कबूल केलं, २०२२ साली सुधारणा मंजूर झाली आणि जुन्या चाचण्यांचे गुण पुन्हा मोजायची वाट मोकळी झाली.

प्रश्न : मुलीला फुटबॉल खेळताना कन्कशन झालं. काळोख्या खोलीत आठवडाभर पडून राहायचं, असं नातेवाईक सांगतात. शाळा आणि खेळ परत कधी?
— एक आई, शुगर लँड, टेक्सास

काळोख्या खोलीचा सल्ला जुना झाला. जास्त दिवस कोंडून ठेवलं तर मुलं उलट रेंगाळतात, उदास होतात. २०२२ साली अ‍ॅमस्टरडॅमला जमलेल्या जगभरच्या तज्ज्ञांचा सल्ला असा : पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती. घरातल्या घरात वावर, थोडं चालणं चालेल. मोबाइल, टीव्ही या काळात कमीत कमी. झोप हवी तेवढी घेऊ द्या. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर दर तासाला उठवायची गरज नाही.

त्यानंतर अभ्यास : घरी १५ मिनिटं वाचन, त्रास वाढला नाही तर हळूहळू वाढवा. मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण. शाळेकडून जादा वेळ, गोंगाटापासून दूर जागा आणि चाचणीतून काही दिवस सूट लेखी मागून घ्या. पूर्ण शाळा जमण्याआधी पूर्ण खेळ नाही.

खेळाच्या पायऱ्या सहा. १) रोजचे व्यवहार. २) चालणं किंवा एका जागी सायकल; आधी हलकं, नाडी कमाल वेगाच्या ५५ टक्क्यांपर्यंत, मग ७० पर्यंत. ३) एकटीने धावणं, ड्रिबल, डोक्याला धोका नाही असं काहीही. ४) संघाबरोबर, पण अंगझटीशिवाय. ५) पूर्ण सराव. ६) सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. पहिल्या तीन पायऱ्यांवर डोकेदुखी दहापैकी दोन गुणांपर्यंत वाढली आणि तासाभरात उतरली तर घाबरू नका. त्याहून जास्त झाली तर तिथेच थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथी पायरी चढण्याआधी सगळी लक्षणं गेलेली हवीत आणि डॉक्टरांची परवानगी हवी. बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात. त्यापुढे त्रास राहिला तर मान, डोळ्यांचा समन्वय आणि कानातला तोल तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. रेंगाळणाऱ्या डोकेदुखीचं मूळ पुष्कळदा मानेत असतं आणि ते व्यायामाने सुटतं.

प्रश्न : आमच्या मैदानावर डॉक्टर नसतो. सामन्यात मुलगा डोक्यावर पडला तर शिक्षकाने पहिल्या दहा मिनिटांत काय करावं?
— क्रीडाशिक्षक, म्हापसा, गोवा

खेळ थांबवा. मुलगा पडलेला असेल तर मान मोडली आहे असंच धरून चाला : उचलू नका, बसवू नका, दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरा. श्वास चालू आहे का ते पाहा. नसेल तर मानेची काळजी बाजूला ठेवून छातीदाब सुरू करा आणि १०८ ला फोन करा.

तो शुद्धीवर असेल आणि मान दुखत नसेल, हातापायांत मुंग्या नसतील, तर हळूच बाजूला बसवून हे पाच प्रश्न विचारा : आपण कुठल्या मैदानावर आहोत? आता कुठला हाफ चालू आहे? शेवटचा गोल कुणी मारला? मागचा सामना कुणाशी होता? तो आपण जिंकलो का? एकही उत्तर चुकलं तर तो आज बाहेर. सगळी बरोबर आली, पण डोकं दुखतंय, धूसर दिसतंय, मळमळतंय, 'कसंतरीच होतंय' असं म्हणाला, नजर हरवलेली दिसली, तरी बाहेर. शंका आली तरी बाहेर, आणि त्याच दिवशी परत नाही.

या शेवटच्या नियमाला कारण आहे. २००६ साली वॉशिंग्टन राज्यात तेरा वर्षांचा झॅकरी लिस्टेड डोक्याला मार लागूनही उत्तरार्धात परत खेळला आणि सामना संपताच कोसळला. मेंदूत दोन्ही बाजूंना रक्तस्राव झाला होता, आयुष्यभराचं अपंगत्व आलं. त्याच्या नावाचा कायदा २००९ साली झाला, २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांनी तसे कायदे केले. सावरत असलेल्या लहान मेंदूला दुसरा मार बसला तर सूज आवरत नाही.

थेट इस्पितळात न्यायची लक्षणं : वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, एकाचं दोन दिसणं, हातापायात कमजोरी, वाढता गोंधळ किंवा चिडचिड, गुंगी, कितीही क्षणांपुरती शुद्ध हरपणं, कवटीला खोक किंवा खड्डा. गोमेकॉला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जायला किती वेळ लागतो ते आधीच माहीत करून ठेवा. बाकीच्यांना निदान पहिले तीन तास एकटं सोडायचं नाही, स्वतः दुचाकी चालवत घरी पाठवायचं नाही. पहिल्या दिवशी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका. ही सगळी लक्षणं एका कागदावर कोकणी-मराठीत छापून प्रथमोपचाराच्या पेटीत वीस-पंचवीस प्रती ठेवा. मुलाला न्यायला येईल त्याच्या हातात एक द्या, त्यावर मार किती वाजता लागला ते लिहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी फोन करा.